मूठ, फेरी आणि वही

मुक्काम पोस्ट बनशंकरी, बंगळूर.



या पोस्टिंगला सरकारी घर मिळायला वेळ होता, म्हणून आम्ही बनशंकरी सेकंड स्टेजमध्ये एक फ्लॅट भाड्याने घेतला. ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला. रोजचे दोन तास ट्रॅफिकमध्ये जातात, त्याबद्दल पुन्हा कधीतरी. पत्ता कळवायला सासूबाईंना सोलापूरला फोन केला, तर त्यांनी ट्रॅफिकचं काही विचारलंच नाही. म्हणाल्या, "बनशंकरी म्हणजे आपली बदामीची बनशंकरी? मग बरंय, देवी जवळच आहे."

सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. बागलकोट जिल्ह्यात बदामीजवळची बनशंकरी ही कित्येक मराठी घराण्यांची कुलदेवी. शाकंभरी म्हणजे तीच. दुष्काळात तिने भाजीपाला देऊन माणसं जगवली अशी कथा आहे, म्हणून पौषातल्या नवरात्रात तिला भाज्यांचा नैवेद्य असतो. बदामीकडे तर एकशे आठ पदार्थ करायची चाल आहे. बंगळूरचं देऊळ त्या मानाने नवं, १९१५ सालचं. कनकपुरा रोडवर आहे, आणि त्याच्याच नावाने पुढे हा सगळा भाग ओळखला जाऊ लागला. मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी राहुकाळात इथे बायका लिंबाचे दिवे लावतात. लिंबू अर्धं कापायचं, पिळायचं, साल उलटं करून वाटी करायची, त्यात तूप नि वात. राहुकाळ म्हटलं की आपल्याकडे लोक काम पुढे ढकलतात, इथे त्याच वेळेला रांग लागते.

मराठी फौजी बंगळुरात आला की पहिल्यांदा शहाजीराजांच्या जहागिरीवर लिहितो. मीही त्याच तयारीत होतो, दोन पुस्तकंही आणली होती. पण गाडी अडली ती शेजारच्या अज्जींच्या तांदळाच्या डब्यावर.

अज्जी आमच्या समोरच्या दारात राहतात. वय ऐंशीच्या पुढे. बायकोला सोलापूरमुळे कन्नड येतं, त्यामुळे आठवड्याभरातच दोघींचं जमलं. एक दिवस बायको सांगत आली, की अज्जी रोज सकाळी भाताचे तांदूळ मोजून घेतात आणि धुवायच्या आधी त्यातली एक मूठ काढून दुसऱ्या डब्यात टाकतात. मी म्हटलं, असेल काही नवस. बायको म्हणाली, नवस नाही, कर्ज आहे.

अज्जींचे यजमान लहानपणी खेड्यातून शिकायला शहरात आले. घरून पैसे येण्याचा प्रश्न नव्हता. ते 'वारान्न' जेवून शिकले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात वारांची सात घरं. पुढे नोकरी लागली, संसार झाला, पण वाढलेलं पान फेडणार कुणाला? त्या सात घरांतली कुणीच माणसं उरली नव्हती. म्हणून लग्नानंतर त्यांनी बायकोला रोज एक मूठ बाजूला काढायला सांगितलं. महिन्याअखेर एका मोफत वसतिगृहाचा माणूस यायचा आणि घेऊन जायचा. यजमान जाऊन वीस वर्षं झाली, मूठ चालू आहे.

बायकोने विचारलं, "अज्जी, एकदम पाच-दहा किलोची पिशवी का नाही देत?" त्यावर अज्जी म्हणाल्या, "पिशवी दिली की घरात कमी पडल्याचं कळतं. मूठ काढली की कळत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. इतकी वर्षं मी पिशवी देणाऱ्यांतला होतो.

वार

वारान्न ऐकल्यावर आपल्याला परकं काही वाटत नाही, कारण 'वार लावून जेवणे' हा शब्दप्रयोग आपल्या घरांतही होता. पुण्यात, साताऱ्यात, कोल्हापुरात कोकणातून आणि खेड्यांतून आलेली मुलं अशीच शिकली. ज्यांना वार मिळाले नाहीत ती झोळी घेऊन माधुकरी मागत. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या आठवणींत यातलं काहीतरी सापडतंच.

या पद्धतीचा हिशोब बघण्यासारखा आहे. एका घराने एका मुलाला वर्षभर पोसायचं म्हटलं तर बेताच्या संसाराला ते जड जातं. पण आठवड्यातून एकदा एक जास्तीचं पान वाढायचं म्हटलं तर आमटीत थोडं पाणी वाढतं, इतकंच. एका घराला न पेलणारा मुलगा सात घरं सहज पेलतात. शिवाय तो मुलगा समोर बसून जेवतो. चेहरा उतरलेला असेल तर घरच्या बाईच्या लक्षात येतं. परीक्षेचं काय झालं हे विचारलं जातं.

यात खोटही होती, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. वार प्रामुख्याने ब्राह्मण मुलांनाच मिळत. ज्या मुलांना गावची शाळाच नीट उघडी नव्हती, त्यांच्यासाठी शहरात सात दारं कुठली उघडणार? ते दार पुढे दुसऱ्याच माणसाला उघडावं लागलं. त्याच्याकडे येतोच.

पैसा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी एक गणित मांडलं. त्या वेळी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. प्रत्येक हिंदी माणसाने देशी उद्योगासाठी वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा. एक पैसा भिकाऱ्याच्या वाटीतही पडतो, त्यामुळे 'परवडत नाही' म्हणायची कुणाला सोय नाही. १९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानची लोकसंख्या साधारण एकोणतीस कोटी होती. सगळ्यांनी दिला असता तर वर्षाला पंचेचाळीस लाख रुपये झाले असते, आणि ते त्या काळचे पंचेचाळीस लाख.

सगळ्यांनी अर्थातच दिला नाही. पण काळे फिरत राहिले. लोकमान्य टिळकांनी आणि 'केसरी'ने ही कल्पना उचलून धरली, आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे इथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. तिथे नुसती काच बनली नाही, काच बनवायला शिकवलंही गेलं. एनडीएत असताना रविवारच्या लिबर्टीला आम्ही लोणावळ्याची लोकल पकडायचो. तळेगाव स्टेशन कितीदा मागे टाकलं असेल, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

कुणी म्हणेल, हे दान कुठलं, ही तर उद्योगासाठीची वर्गणी. बरोबर आहे. पण देण्याची रीत बघा. काळ्यांनी रक्कम इतकी लहान ठेवली की देणाऱ्याला विचार करावा लागू नये. आणि ती गोळा करण्याचं सगळं ओझं स्वतःच्या पायांवर घेतलं. एक पैसा आपण होऊन कुणी मनीऑर्डरने पाठवत नाही. त्यासाठी कुणीतरी दारात यावं लागतं.

ओवाळणी

महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली आणि १९०० मध्ये आश्रम पुण्याजवळ हिंगण्याला नेला. विधवांना शिकवायचं, तेही त्या काळात. लोक दगड मारत नसतील तेव्हा पाठ फिरवत होते. पैसे कुठून आणायचे?

या संस्थेने पुढे जो मार्ग काढला तो मला फार आवडतो. भाऊबीज. दिवाळीत भाऊ बहिणीला ओवाळणी घालतोच. तिथे नवीन सवय लावायची नाही, नवीन दिवस ठरवायचा नाही. फक्त एवढंच म्हणायचं, की हिंगण्याला तुझ्या आणखी काही बहिणी आहेत, त्यांचीही ओवाळणी असू दे. या भाऊबीज निधीसाठी कार्यकर्ते घरोघर जाऊ लागले आणि ती प्रथा संस्थेने पुढे पिढ्यानपिढ्या चालवली. ज्या समाजाने या बायकांना सणावारातून वगळलं होतं, त्याच समाजाच्या सणातून त्यांच्या शाळेचा खर्च काढला. हा नुसता निधी नव्हता. ओवाळणी घातली की नातं मान्य केलं.

कर्वे स्वतः थांबले नाहीत. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी नवी संस्था काढली आणि पुन्हा वर्गणी मागत फिरायला सुरुवात केली. आमच्याकडे त्या वयाचा माणूस पेन्शनर मीटिंगला खुर्ची पुढे आहे की मागे, यावर रागावतो. (माजी सैनिक वाचकांनी हलकं घ्यावं.)

मूठ

आता ते दुसरं दार. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. तिथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुलं एका पंगतीला जेवत. वार लावून जेवणं ज्यांच्या वाट्याला येणार नव्हतं, त्यांच्यासाठी हे घर होतं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं.

नाव मोठं झालं तरी मुलांना दोन वेळा लागतातच. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवी. पण मंगळसूत्र एकदाच मोडता येतं. रोजचा प्रश्न रोज उभा राहतो. त्यासाठी मुष्टिफंड होता. घरातल्या बाईने दळायला बसताना, रांधताना एक मूठ धान्य बाजूला ठेवायचं, आणि ते संस्थेच्या मुलांसाठी जायचं. ज्वारी असेल तर ज्वारी, बाजरी असेल तर बाजरी. ज्या घरात रोकड पैसा दिवाळीलाच दिसायचा, तिथेही ही मूठ निघायची.

ज्या हातांनी ती मूठ काढली त्यातल्या बहुतेक बायकांना स्वतःची सही करता येत नव्हती. त्यांच्या मुठीवर जी मुलं शिकली त्यांतली काही पुढे आमच्या फौजेतही आली. सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या सुभेदार साहेबांना विचारा, शाळा कुठली. दहातले सहा जण 'रयत' म्हणतील.

तीच मूठ पुढे विनोबांनी उचलली. विनोबा रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे, पण ही गोष्ट त्यांच्या कर्नाटकातल्या पदयात्रेच्या सुमाराची आहे. सप्टेंबर १९५७ मध्ये म्हैसूरजवळ येलवालला ग्रामदान परिषद झाली. पंतप्रधान नेहरूंपासून अनेक पुढारी तिथे आले होते. मोठमोठ्या जमिनींच्या दानाची चर्चा देशभर चालू होती. त्याच काळात विनोबांनी 'सर्वोदय पात्र' सांगितलं. घरात एक भांडं ठेवा आणि रोज त्यात मूठभर धान्य टाका. मात्र मूठ घरातल्या लहान मुलाची हवी. आईची मूठ मोठी असते, धान्य जास्त पडेल, पण विनोबांना धान्यापेक्षा त्या मुलाच्या हाताला लागणारी सवय हवी होती. आधी दिल्याशिवाय जेवायचं नाही, हे मुलाला पाठ व्हावं म्हणून.

कल्पना म्हणून यात उणं काढायला जागा नाही. पण बहुतेक ठिकाणी ही पात्रं फार काळ टिकली नाहीत. भांडं ठेवणं सोपं होतं. गावोगावच्या लाखो भांड्यांतलं धान्य महिन्याच्या महिन्याला उचलायचं, मोजायचं, त्याचा हिशोब ठेवायचा, याला माणसं लागतात. भांडं भरलं आणि न्यायला कुणी आलं नाही, की एक दिवस आई ते धान्य परत कणगीत ओतते. त्यात तिची चूक नसते.

दहा रुपये

आता माझी गोष्ट. ही मी आजवर लिहिली नव्हती.

मी तेव्हा कॅप्टन होतो आणि कंपनी सांभाळत होतो. आमचा एक नायक आजारपणात गेला. माण तालुक्यातला. घरी पत्नी, म्हातारे आईवडील आणि पाच वर्षांचा मुलगा. फौजेत अशा वेळी जे होतं ते झालं. सगळ्या कंपनीने एक दिवसाचा पगार दिला, अधिकाऱ्यांनी थोडा जास्त घातला. बरी रक्कम जमली. मी चेकसोबत एक पत्र लिहिलं. ते पत्र चांगलं झालं आहे असं मला वाटलं होतं, हेही कबूल करतो. शेवटी लिहिलं होतं, की पलटण तुमच्या पाठीशी कायम उभी आहे. मग पलटण हलली, माझी बदली झाली, कोर्स आले, लग्न झालं.

आठ वर्षांनी एका जुन्या जेसीओ साहेबांच्या मुलीच्या लग्नाला त्या भागात गेलो. गाव वाटेवर होतं म्हणून थांबलो. त्याच्या पत्नीने मला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर ओळखलं आणि चहा टाकला. मी भीतभीत चेकचं विचारलं. त्या म्हणाल्या, "आला होता की साहेब. सासऱ्यांचं कर्ज फिटलं त्यात." बरं झालं ते. पेन्शन चालू होती, घर चालत होतं. मुलगा तेरा वर्षांचा, साताऱ्याला शाळेत.

मग त्यांनी भिंतीवरच्या खुंटीकडे बोट दाखवलं. तिथे मुलाच्या एसटी पासचं जुनं पाकीट अडकवलेलं होतं. "पास आणि वह्यापुस्तकं सुभेदार काका बघतात."

हे सुभेदार काका आमच्या पलटणीचे नव्हतेच. शेजारच्या गावचे, दुसऱ्याच रेजिमेंटमधून रिटायर झालेले. ते दर महिन्याला पेन्शनच्या दिवशी बँकेच्या पायरीवर उभे राहत. पेन्शन घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकाकडून दहा रुपये घेत आणि वहीत नाव लिहीत. सुरुवातीला नऊ जण होते. नऊ दाहे नव्वद. पुढे काही वारले, काही नवे रिटायर होऊन आले, दहाचे वीस झाले. पैसे जमले की काका लुना काढत आणि त्या पैशांची दोन-तीन घरं फिरत. चहा पीत, पोराची प्रगतीपुस्तिका मागत, गणितात कमी मार्क असतील तर ओरडत.

मी विचारलं, दर महिन्याला येतात? त्या म्हणाल्या, "पैशाचं काय साहेब. पण दर महिन्याला फौजेतलं कुणीतरी दारात येतं."

माझ्या पत्रातला 'कायम' हा शब्द मला त्या वेळी आठवला. आठ वर्षांत मी एक फोन केला नव्हता. चेक खोटा नव्हता, भावनाही खोटी नव्हती. पण त्या मोठ्या चेकने माझी सुटका केली होती. देऊन झालं, आता विसरायला हरकत नाही, असं माझ्या मनाने मला न विचारता ठरवून टाकलं होतं. सुभेदार काकांच्या दहा रुपयांना ती सोय नव्हती. पुढच्या पेन्शनला परत द्यायचे असतात, त्यामुळे विसरता येत नाही.

आपल्याच फौजेत हे शहाणपण १९४९ पासून आहे. त्याआधी ११ नोव्हेंबरला कागदी पॉपीची फुलं विकून निधी जमवला जाई. स्वतंत्र भारताने ७ डिसेंबर हा ध्वजदिन ठरवला. लाल, गडद निळा आणि फिकट निळा, तिन्ही दलांचे तीन रंग असलेला छोटासा कागदी झेंडा. देणगी द्या, झेंडा छातीवर लावा. १९९३ साली असे वेगवेगळे निधी एकत्र करून सशस्त्र सेना ध्वजदिन निधी झाला, आणि माजी सैनिक, वीरनारी, त्यांची मुलं यांच्यासाठी तो वापरला जातो. शाळेत आपण सगळ्यांनी तो झेंडा खिशाला टाचला आहे. रक्कम किरकोळच असायची. पण मोठ्या देणगीने जमणार नाही अशी एक गोष्ट तो झेंडा करतो. लाखो घरांत एक दिवस फौजेतल्या माणसाची आठवण निघते.

मग मी काय करतो

या सगळ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या तर मला त्यांत तीन गोष्टी दिसतात. मूठ, म्हणजे रोजच्या कुठल्यातरी कामाला बांधलेली आणि घरात जाणवणार नाही इतकी लहान रक्कम. फेरी, म्हणजे ती न्यायला येणारी दोन पावलं. आणि वही, म्हणजे हिशोब. पैसा फंड, भाऊबीज, मुष्टिफंड, सुभेदार काका, सगळीकडे तिन्ही आहेत. सर्वोदय पात्रात मूठ होती, फेरी कमी पडली.

माझे स्वतःचे प्रयोग आधी फसले. चिल्लर टाकायला बरणी ठेवली, ती भाजीवाल्याला सुट्टे द्यायलाच वापरली गेली. मग मोबाइलवरून दरमहा आपोआप पैसे कापले जातील अशी सोय केली. ती अजून चालू आहे आणि ठेवावीच, कारण ठरावीक रक्कम ठरावीक तारखेला आली की संस्थेला पुढचं ठरवता येतं. पण तिसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं, की पैसे कुठे जातात याचा मला पुन्हा विसर पडायला लागलाय. मशीन फेरी मारतं, पण चहाला बसत नाही.

म्हणून आता काही बारीक गोष्टी करतो. मेसमध्ये प्यायलेल्या प्रत्येक पेगमागे दहा रुपये. (कोर्समेट मंडळी, हसू नका, या हिशोबाने मी मोठा दानशूर ठरेन हे मला माहीत आहे.) लिफ्टने गेलो तर पाच रुपये, जिन्याने गेलो तर माफ. मुलीच्या वाढदिवसाला जितकी वर्षं तितक्या वह्या, आणि त्या तिने स्वतः नेऊन द्यायच्या. आणि एक तारखेला एक फोन, माझ्या जुन्या कंपनीतल्या कुठल्यातरी एका घरी. फोनला पैसे लागत नाहीत, पण तो सगळ्यात जड जातो. वहीत त्याचीही नोंद करतो.

अज्जींचा डबा राहिला. करोनाच्या साथीत वसतिगृहाचा माणूस यायचा बंद झाला, तो परत आलाच नाही. अज्जी मूठ काढत राहिल्या. डबा भरला की तांदळाला कीड लागायच्या आत कामवाल्या बाईंना देत, पण ते त्यांच्या मनाला पटत नव्हतं. कर्ज शिकणाऱ्या पोरांचं होतं. हे कळलं त्या रविवारी मी स्कूटर काढली, पत्ता शोधला आणि तांदूळ पोचवले. साडेचार किलो भरले. वसतिगृहाच्या कोठीत त्यांनी वजन करून पावती दिली. ती अज्जींनी देवाच्या फोटोमागे ठेवली.

तेव्हापासून महिन्याचा शेवटचा रविवार माझ्याकडे आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन घरांनी डबे सुरू केलेत. आमच्या घरीही आता एक डबा आहे आणि त्यात मूठ मुलगी टाकते. तिची मूठ लहान आहे.

अडचण एकच आहे. फौजी माणूस दोन-अडीच वर्षांत हलतो. बदलीच्या वेळी आम्ही हँडिंग-टेकिंग करतो, एकेक वस्तू यादीवर टिक करून पुढच्याच्या ताब्यात देतो. या वेळी यादीत माझ्या नावावर आणखी एक ओळ आहे: तांदळाचे डबे चार, वही एक, फेरी महिन्यातून एकदा. तिसऱ्या मजल्यावर इंजिनिअरिंगचा एक मुलगा राहतो, हुबळीकडचा. गेल्या रविवारी त्याला सोबत घेऊन गेलो. रस्ता त्याने बघून ठेवलाय. अजून हो म्हणालेला नाही.

माझ्या माणमधल्या नायकाचा मुलगा आता चाकणला नोकरी करतो. सुभेदार काकांच्या वहीत त्याचं नाव आहे की नाही, हे मी विचारलेलं नाही. माझं आहे.

जय हिंद.